उरलेल्या टेपवरची धून

शवासनात डोळे उघडायचे नाहीत, असा दिशा मॅडमचा नियम होता आणि महिपत रेवाळे नियम पाळणारे होते. बत्तीस वर्षं त्यांनी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात लेथ चालवली होती. लेथवर नियम मोडला की बोट जातं. तरीही त्या मंगळवारी सकाळी, डोंबिवली पश्चिमेच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये, चटईवर उताणे पडल्या पडल्या त्यांनी डोळे टक्क उघडले.

दिशा मॅडमच्या छोट्या स्पीकरवर रोज पाण्याचा खळखळाट लागे, कधी बासरी. आज वेगळंच काहीतरी होतं. तारेचा आवाज होता, पण कुठून तरी खोलातून आल्यासारखा, मोठ्या रिकाम्या टाकीत कुणी हळूच वाजवावं तसा. चार स्वर वर चढत, पाचवा वळण घेत खाली येई, आणि त्या वळणावर अगदी बारीक ‘टक’ असं वाजे. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ‘टक’.

महिपतराव उठून बसले.

“दिशाताई, हे कोण वाजवतंय?”

“काका, शवासन.”

“नाही, पण हे—”

“श्वासाकडे लक्ष द्या, काका.”

शेजारच्या चटईवरून गोविंदा म्हात्रे डोळे मिटूनच म्हणाले, “रेवाळे, मेलेल्या माणसानं प्रश्न विचारू नयेत.” दोन-चार चटया हसल्या. महिपतराव आडवे झाले, पण कान काही आडवे झाले नाहीत.

वर्ग सुटल्यावर ते दिशाजवळ थांबले. सगळे पायात चपला घालून गेल्यावर म्हणाले, “ते मघाचं, ते मी वाजवलेलं आहे.”

“हो का? वा, काका!” दिशा म्हणाली. एखाद्या आजोबांचे हात पहिल्यांदा पायाच्या अंगठ्याला टेकले की ती याच आवाजात म्हणायची. मग तिने फोन पुढे धरला. पडद्यावर धुक्यातला डोंगर होता आणि खाली कुणाचं तरी परदेशी नाव. “हा कुणीतरी बाहेरचा आहे बघा. झोप लागण्यासाठीची यादी आहे ही. छान आहे ना?”

“छान आहे,” महिपतराव म्हणाले आणि निघाले.

वाटेत सांगावं असं कुणी नव्हतं. घरात तर नव्हतंच. बायको सरोज जाऊन चार वर्षं झाली होती. ते ज्या बेंजो पार्टीत वाजवायचे तिचा मालक जगन त्याच्याही आधी गेला, आणि ज्याच्या खोलीत ती धून टेपवर भरली गेली तो अण्णाही. महिपतराव सोसायटीच्या फलकावरची प्रत्येक सूचना शेवटच्या सहीपर्यंत वाचत, लिफ्ट दुरुस्तीची तारीख त्यांना पाठ असे, आणि भाजीवाल्याशी ते जरूरीपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलत. त्या दिवशी त्यांनी भाजीवाल्यालाही सांगितलं नाही. घरी येऊन लोखंडी कपाटावरची पेटी खाली काढली.

पेटीत बेंजो होता. लाकडी, लांबट, वर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. त्यांनी सहावं बटण दाबलं आणि सोडलं.

टक.

*

तरुणपणी महिपतरावांचे आठवड्याचे पाच-सहा दिवस लेथवर जात आणि लग्नसराईतले शनिवार-रविवार ‘जगन बेंजो पार्टी’त. ते खेड तालुक्यातले, नोकरीसाठी आलेले. बेंजो गावच्या नमन-खेळ्यांत शिकलेले. पार्टीत ड्रम, ताशा, मोठा खुळखुळा, दोन भोंगे आणि सगळ्यांच्या अंगावर सोनेरी काठाचे लाल कोट. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आगरी गावांतल्या हळदी त्यांनी वाजवल्या. टेम्पो शीळफाट्याला अडकला की जगन म्हणायचा, “उतरा रे, लोकांचा वेळ जाऊ दे,” आणि ते रस्त्याच्या कडेला उभं राहून दोन गाणी वाजवत. तेव्हा लोक ट्रकमधून टाळ्या वाजवीत.

बेंजोचं सहावं बटण एका मोसमात ढिलं झालं. बाजारात सुटी बटणं मिळत नव्हती. महिपतरावांनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेची नखाएवढी कडी कातून काढली आणि ती बटणाखाली बसवली. बटण घट्ट झालं, पण उचललं की कडी लाकडाला लागे आणि ‘टक’ होई. पुढच्या सुट्टीत नीट करू, असं ते म्हणत राहिले.

त्र्याण्णव साली कल्याणच्या रामबागेतल्या एका दोन खोल्यांच्या जागेत पार्टीची कॅसेट निघाली. मालक अण्णा, कंपनीला त्याने आईचं नाव दिलं होतं, श्री तुळसा कॅसेट्स. हळदीची आठ गाणी भरून झाली आणि मागच्या बाजूला चार मिनिटांची टेप उरली.

“कोरी राहिली तर गिऱ्हाईक येऊन म्हणेल, शेठ, फसवलंत,” अण्णा म्हणाला. “महिपत, वाजव कायतरी. लग्नघरातलंच, पण लग्न संपत आलेलं असतं ना, तसलं.”

जगन आणि बाकीचे खाली चहाला गेले होते. महिपतराव एकटेच बसले. यंत्रावरच्या माणसाने आधीच्या गाण्यातल्या आरोळीसाठी एको पुरा चढवला होता, तो उतरवायचा राहून गेला. चार मिनिटं दहा सेकंद. एकदाच वाजवलं.

अण्णाने ऐकून तोंड वाकडं केलं. “विहिरीत बसून वाजवल्यासारखं वाटतंय रे.” पण बाहेर दुसरी पार्टी येऊन बसली होती. कॅसेटच्या कागदावर आठ गाण्यांपुढे गायकांची, वाजवणाऱ्यांची नावं आली. शेवटी एक ओळ होती, ‘संगीत’. तिच्यापुढे कुणाचंच नाव नव्हतं.

*

रविवारी योगिनी आली. ती त्यांची एकुलती मुलगी, कल्याणला खडकपाड्याला राहणारी, बँकेत नोकरी करणारी. एक रविवार सासरचा, एक वडिलांचा, असं तिचं ठरलेलं होतं. तिने बेंजो ऐकला, मग दिशा मॅडमच्या यादीतली धून ऐकली, आणि जेवायचं बाजूला ठेवून फोनवर शोधत बसली.

“बाबा,” ती तासाभराने म्हणाली, “हे सगळीकडे आहे.”

कुणीतरी आपल्या आजीच्या जुन्या कॅसेटी इंटरनेटवर चढवल्या होत्या. तिकडे कुठल्या थंड देशातल्या एका माणसाला ही धून सापडली. त्याने तिचा वेग कमी केला, त्यातले अकरा सेकंद कापून घेतले आणि तेच गोल फिरवत ठेवले. त्याच्याकडून इतरांनी उचललं. एका रॅपच्या गाण्यात ते होतं, घरांच्या जाहिरातीत होतं, मालिकेत सून माहेरी निघते तेव्हा होतं. चौतीस ठिकाणं तिने मोजली. आणि शेवटी इथल्याच एका डीजेने परदेशी धून म्हणून ते हळदीच्या नाचाला जोडलं होतं.

“म्हणजे कापड कापून दुसऱ्याच्या सदऱ्याला ठिगळ लावायचं,” महिपतराव म्हणाले.

“ठिगळ लपवायला लावतात, बाबा. हे लोकांना दिसावं म्हणून लावतात.”

“मग कुणाच्या कापडाचं ते नको सांगायला?”

योगिनीने फोन पुन्हा पुढे ओढला. मूळची पूर्ण कॅसेट चढवणाऱ्याचं खातं आता बंद झालं होतं. अकरा सेकंद तेवढे उरले होते. आणि जिथे जिथे कुणी विचारलं होतं की मूळ वादक कोण, तिथे उत्तर एकच होतं: अज्ञात.

त्यानंतरचे दिवस महिपतरावांना जड गेले. आधी घर नुसतं शांत होतं. आता त्या शांततेत केव्हाही खालच्या रिक्षातून, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीतून त्यांचा स्वतःचा हात वाजून जाई. एकदा रिक्षात त्यांना राहवलं नाही. “हे मी वाजवलंय,” ते चालकाला म्हणाले. त्याने आरशातून पाहिलं. “काय सांगता, काका! आणि मोठागावचा पूल? तोपण तुम्हीच बांधला का?”

घरी ते बेंजो घेऊन बसत. अकरा सेकंद जमत. चार स्वर चढायचे, वळण घ्यायचं, टक. त्यापुढे बोटं थांबत. उरलेली चार मिनिटं कुठे गेली ते त्यांनाच आठवेना. जगासारखेच तेही तेवढ्याच तुकड्यात अडकून पडले होते. एकच इच्छा डोक्यात घर करून बसली: कुठेतरी, एका ठिकाणी का होईना, त्या धुनीपुढे माणसाचं नाव यावं.

योगिनीने पुष्कळांना लिहिलं. उत्तर एकाचंच आलं. विनीत नावाचा ठाण्याचा मुलगा, रॅप करणारा. ‘काकांना घेऊन या ना प्लीज. बेंजोपण आणा.’

*

विनीतचा स्टुडिओ वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात होता. महिपतरावांचा कारखाना तिथून दोन गल्ल्यांवर. त्या जागी आता काचेचं ऑफिस होतं. गाळ्याच्या फरशीत जुन्या यंत्राचे चार बोल्ट अजून वर आलेले होते. महिपतरावांनी पायाने चाचपून पाहिलं. “इथं शेपिंग मशीन असणार,” ते म्हणाले. विनीतला ते आवडलं.

“काका, खरं सांगू? तीन वर्षं आम्ही मित्र त्या ‘टक’वरून भांडतोय. एक बोलतो टेप तुटलेली, एक बोलतो कोणीतरी मुद्दाम टाकलेला आहे. मी तर पूर्ण ड्रम त्याच्यावर बसवला. तो ‘टक’ नसता ना, तर मी हे घेतलंच नसतं.”

महिपतरावांनी पेटी उघडली, सहावं बटण दाबलं आणि सोडलं.

विनीत खुर्ची सरकवून जवळ आला. त्याने हात पुढे करून स्वतः बटण दाबलं. दोनदा, तीनदा. मग खुर्चीवर मागे रेलून म्हणाला, “च्यायला. सॉरी, काका. पण च्यायला.”

त्याचं गाणं आता एक मोठी कंपनी नव्याने काढणार होती. त्यांना प्रत्येक आवाजाचा धनी कागदावर हवा होता. विनीतने लॅपटॉपवर अर्ज उघडला. “वादक, महिपत रेवाळे.” त्याने मोठ्याने उच्चारत टाइप केलं आणि महिपतरावांना स्वतःचं नाव त्या उजेडात दिसलं. योगिनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता रचनाकार. चाल तुमचीच ना, काका?”

महिपतराव क्षणभर पडद्याकडे पाहत राहिले.

“माझीच,” ते म्हणाले.

परतताना योगिनी खूश होती. तिला कल्याणला लवकर पोचायचं होतं, म्हणून ती स्टेशनावरच वळली. महिपतराव घरी आले, दिवा न लावता बसले. उत्तर देताना आपण किती वेळ थांबलो, ते त्यांना मोजता येत होतं. त्या थांबण्यात बाळकुमच्या कमळाबाई उभ्या होत्या.

*

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. मांडवापासून सूनमुखापर्यंत प्रत्येक विधी ती धवला गाऊन पुढे नेते. तिचं गाणं संपल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. कमळाबाई भोईर बाळकुमच्या. तेव्हा पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, आवाज मिठागरावरून हाक मारणारीचा. पार्टीतली माणसं पहाटे खुर्च्यांवर कलंडलेली असत आणि आत त्यांचं गाणं सुरू होई. एकच ओळ फिरून फिरून येई आणि दर फेऱ्याला एक पायरी पुढे जाई. महिपतरावांना झोप येत नसे. ते अॅम्प्लिफायर बंद ठेवून नुसत्या तारांवर तिच्यामागे हळू हळू बटणं दाबीत.

पहिल्यांदा कमळाबाईंनी मान वळवून खडसावलं होतं, “ए बेंजोवाला, माझे मागं मागं नको येव. देव आयकतान, त्यांना दोन आवाज कनाला?” पुढच्याच लग्नात मात्र त्यांनी दारातून हाक मारली, “तो बेंजोवाला कं हाय? घसा बसलाय माझा. धर मागं.” तो सगळा मोसम मग महिपतरावांनी मागं धरलं.

अण्णाने ‘संपत आलेलं लग्न’ म्हटलं तेव्हा त्यांनी काही ठरवलं नव्हतं. हात तिकडे गेले. कॅसेट आल्यावर एक बाळकुमला नेऊन द्यायची असं मनात होतं. पण कमळाबाई विचारणार, माझा नाव कं हाय? कागदावर तर महिपतरावांचंही नव्हतं. आज नको, पुढच्या हळदीला, असं करता करता डीजे आले, पार्टी मोडली, लाल कोट जगनच्या माळ्यावर कसरीने खाल्ले. बत्तीस वर्षं गेली.

सकाळी त्यांनी विनीतला फोन केला.

“ती चाल माझी नाही. धवल्याची आहे. मी काल खोटं बोललो.”

“अरे, टेन्शन नका घेऊ, काका. म्हणजे पारंपरिक ना? तसा रकाना आहे. तिकडे टिक करतो.” मग विनीत अडखळला. “फक्त एक आहे. पारंपरिक असेल ना, तर कंपनीवाले बोलतील, मग जुना तुकडा कशाला, आपणच परत वाजवून घेऊ. म्हणजे तुमचं नाव... कदाचित नाहीच येणार.”

“आणि त्या बाईंचं?”

“पारंपरिकमध्ये कोणाचंच नसतं, काका.” त्याने आवाज खाली आणला. “मी काय बोलतो, तुम्ही काल बोललात तेच राहू दे ना. शुक्रवारपर्यंत सांगा.”

महिपतरावांनी फोन ठेवला. खोटं ठेवलं तर एक नाव लागणार होतं, खरं सांगितलं तर एकही नाही. बुधवारचा सगळा दिवस त्यांनी दोन्ही बाजूंनी हे घासून पाहिलं. गुरुवारी सकाळी योगवर्ग बुडवला, बेंजोची पेटी उचलली आणि मोठागावच्या नव्या पुलावरून जाणारी रिक्षा धरली.

*

माणकोली, काल्हेर, कशेळी मागे टाकून रिक्षा बाळकुमला आली तेव्हा त्यांना काहीच ओळखू येईना. जिथे ते पहाटे बसत ते अंगणच नव्हतं. उंच इमारतींच्या फाटकांवर इंग्रजी नावं. दोन पहारेकऱ्यांना ‘धवलारीण’ म्हणजे काय ते कळलं नाही. शेवटी देवळाजवळ मासे विकायला बसलेल्या एका बाईने कोयता न थांबवता सांगितलं, “कमलाआय? ती आता चौदाव्या माल्याव रवते. जमीन बिल्डरला दिली ना त्यांनी.”

दार जागृतीने उघडलं. कमळाबाईंचा नातू नयन, त्याची ही बायको. पेटी पाहून ती म्हणाली, “दुरुस्तीवाले का?”

“नाही. आजींना सांगा, बेंजोवाला आलाय.”

कमळाबाई गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, खाडीकडे तोंड करून. पंच्याऐंशीच्या तरी असतील. आडवा बांधा आता खुर्चीच्या एका कोपऱ्यात मावला होता.

“कंचा बेंजोवाला?”

“जगनच्या पार्टीतला, आई. लाल कोटातला.”

त्यांनी नीट न्याहाळलं. “म्हातारा झालास र.”

“झालो.”

“बस. मना आता कोन बोलवत नाय. मोबाईलव लावतान धवलं. भटजी हात दाखवतो, पोरगा बटन दाबतो. झाला लगीन.”

महिपतरावांनी फोन काढला आणि ती धून लावली. कमळाबाईंनी हाताचा पंजा एका कानामागे धरला. अकरा सेकंद झाले, पुन्हा अकरा झाले. चौथ्या फेऱ्याला त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“यो पुढं का नाय जात?”

“एवढाच कापून घेतलाय लोकांनी. तोच फिरवतात.”

“अरं, पन यो उंबऱ्याचा धवला हाय! नवरीचा पाय उचललेला हाय.” त्या खुर्चीत सावरून बसल्या. “तिला काय तशीच उबी करून ठेवली व्हय? एक पाय वर? मेल्यांनो, पाय टेकू तरी द्या तिचा!”

जागृती पाणी घेऊन येता येता हसली. पण कमळाबाई हसत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले आणि वळणाच्या पुढची ओळ घेतली. आवाज फाटला होता, खालचा अर्धा तर नुसता वारा. पण ओळ पुढे गेली, उंबरा ओलांडून आत गेली. महिपतरावांनी पेटी उघडली. बोटं ताठरली होती, दोन स्वर चुकले. तरी त्या ओळीमागे ती चालत गेली, आणि जे महिनाभर आठवत नव्हतं ते एका पाठोपाठ एक हाताखाली येत गेलं. सहावं बटण आलं तेव्हा टक झालं. कमळाबाईंनी डोळे न उघडता म्हटलं, “अजून सुदारला नाय?”

गाणं संपल्यावर महिपतराव खाली मान घालून म्हणाले, “आई, ही चाल मी तुम्हाला न विचारता कॅसेटवर वाजवली होती.”

“मना म्हाईत हाय.”

“कसं?”

“माझेच पोरानं आनली व्हती कॅसेट. त्या वरसी गावात दर मांडवात वाजत व्हती. मी बोल्ली, बेंजोवाला येल सांगाला.” त्यांनी खाडीकडे पाहिलं. “बत्तीस वरसं लावलीस.”

महिपतरावांनी पेटीचं झाकण लावलं. मग त्यांनी अर्जाचं सांगितलं. पारंपरिक लिहिलं की कुणाचंच नाव लागत नाही, हेही.

“पारंपरिक म्हंजे?”

“म्हणजे जुनं, आजी,” जागृती म्हणाली. “कोणा एकाचं नाही असं.”

“कुनाचा नाय? मी हितं बसलीये ती कोन?” कमळाबाईंचा पंजा खुर्चीच्या हातावर आपटला. “धवला सासूनं शिकवला मना, खोटा नाय बोलाची. पन सासू सरल जायची. उंबऱ्याव यो वलन माझा हाय. माझे पोरीच्या लग्नात मना हुंदका आला, तो लपवाला मी आवाज खाली वलवला. सासूनं शिव्या घातल्या, बोल्ली, धवला बाटवला. तवापासना मी तसाच गायली. कापून कंचा घेतला त्यांनी? तोच ना?”

 अख्ख्या जगाने उचललेले अकरा सेकंद नेमके तेच होते.

“लिव माझा नाव,” कमळाबाई म्हणाल्या. “शंभर लग्नं लावली मी, एका पत्रिकेव माझा नाव नाय. वर माझा लिव. तुजा बी लिव. खाली.”

*

शुक्रवारी महिपतरावांनी विनीतला दोन ओळी सांगितल्या. रचना, कमळाबाई भोईर, बाळकुम. बेंजो, महिपत रेवाळे. “पहिली ओळ नसेल तर दुसरी लावू नका,” ते म्हणाले.

“काका, ते लोक वळणबिळण ऐकणार नाहीत. पारंपरिकच बोलतील.”

“तुम्ही सांगून तर बघा.”

विनीतने सांगून पाहिलं. दीड महिन्याने कंपनीचं गाणं आलं. योगिनीने पाठवलं, महिपतरावांनी ते एकट्याने ऐकलं. बेंजो कुणीतरी नव्याने वाजवला होता. स्वच्छ, सफाईदार. ‘टक’ नव्हता. खाली लिहिलं होतं, पारंपरिक.

विनीतचा फोन संध्याकाळी आला. त्याचा आवाज पडलेला होता. “सॉरी, काका. माझ्या हातात एवढंच होतं, माझं जुनं गाणं आहे ना, माझ्या स्वतःच्या पानावरचं, त्याच्याखाली दोन्ही नावं टाकलीयत. बघा. थोडं खाली जावं लागतं.”

महिपतराव पुन्हा बाळकुमला गेले. कमळाबाई तिथेच होत्या, त्याच खुर्चीत. त्यांना वाचता येत नव्हतं. “कंचा माझा?” त्यांनी विचारलं. महिपतरावांनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. बोट टेकलं तशी अक्षरं सरकली आणि वर निघून गेली.

“पलाला,” कमळाबाई म्हणाल्या.

जागृतीने ते परत आणलं. या वेळी कमळाबाईंनी बोट काचेला न लावता, वर थोडं अधांतरी धरलं, आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“आन तुजा?”

“खाली आहे.”

“बरा,” त्या म्हणाल्या. “येत जा. नयन कामाला जातो, यी पोरगी पन दुपारची जाते. मंग कोन नसते.”

“येईन,” महिपतराव म्हणाले. परत येताना पुलावर त्यांनी योगिनीला फोन लावला. ती कामात होती. नंतर करते, बाबा, असं म्हणाली. खाडी खाली संथ होती. पेटी त्यांनी मांडीवर आडवी धरली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात दिशा मॅडमने तीच यादी लावली. त्या धुक्यातल्या डोंगराखाली अजून तेच परदेशी नाव होतं. विनीतचं पान सोडलं तर बाकीच्या बत्तीस ठिकाणीही काही बदललं नव्हतं. महिपतराव डोळे मिटून पडले. चार स्वर चढले, वळण आलं, टक झालं. धून मागे फिरली आणि पुन्हा सुरू झाली. महिपतराव तिच्यासोबत मागे फिरले नाहीत. ते वळणावरून पुढे निघाले, फाटक्या आवाजाच्या मागे मागे, उंबऱ्याच्या आत.

चटईवर त्यांच्या डाव्या हाताची बोटं एकामागून एक दबत होती. दिशाला ते दिसलं. शवासनात हलायचं नसतं, असं तिने त्या दिवशी म्हटलं नाही.